उजेडाचे दोन आकडे

जानेवारी आला की आमच्या प्रभादेवीच्या इमारतीत सगळ्यांना एकदम मुंबई आवडायला लागते. "काय हवा पडलीय!" असं गच्चीवर फिरायला येणारी मंडळी एकमेकांना सांगतात, जणू सोसायटीच्या सभेत ठराव करून त्यांनीच ती मागवली आहे. कपाटाच्या तळातले स्वेटर बाहेर निघतात, त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो. शेजारच्या वहिनी तिळाच्या वड्या आणून देतात आणि गोड बोलायला सांगतात. वडी मी खाते. गोड बोलणं मला एरवीही फारसं जमत नाही, आणि जानेवारीत तर मुळीच नाही.

ह्या दिवसांत दुपारचं ऊन तिरपं होऊन माझ्या खिडकीतून थेट टेबलापर्यंत येतं. वर्षभर ते असं आत घुसत नाही. येतं आणि माझ्या हातावर बसून राहतं, आणि मला राग येतो. उन्हाचा राग येणारी म्हातारी म्हणजे वेडीच, असं आमच्या कामवाल्या बाईंचं मत आहे. पण हा उजेड सूर्याच्या ज्या थरातून सुटून येतो, त्या थराचं एक छोटंसं गणित मी कधीकाळी करत होते. ते सुटलं नाही. इतकी वर्षं झाली, आता विसरायला हवं, हे मला कळतं. विसरता येत नाही, हेही कळतं.

तो जानेवारी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, केंद्राच्या ताब्यात ठेवायची, असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. मी तेव्हा एम. एस्सी. होऊन संशोधनाला लागले होते. आमचे सर महिनाअखेरीला बोटीने परदेशी जायचे होते. जाताना आमचा शोधनिबंध ते घेऊन जाणार, तिकडे तो छापून येणार, आणि मग माझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार, असं ठरलं होतं. निबंध तयार झाला नाही तर संशोधन संपलं. मग कुठल्या तरी कॉलेजात इंटरच्या मुलांना भिंगाची आणि आरशाची गणितं शिकवायची. हे सगळं एका आकड्यावर अडून बसलं होतं.

आकडा कसला, ते सांगते. हायड्रोजनचा अणू म्हणजे मधे एक प्रोटॉन आणि भोवती एक इलेक्ट्रॉन, असा दोघांचा आटोपशीर संसार. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ कधी कधी ह्या संसारात आणखी एक इलेक्ट्रॉन येऊन राहतो, मग त्याला ऋण आयन म्हणायचं. चाळीतल्या खोलीत गावाहून आलेला पाहुणा गॅलरीत पथारी टाकतो, तसा हा दुसरा इलेक्ट्रॉन. घरातला माणूस थोडा सरकून घेतो म्हणून त्याला जागा मिळते, एवढाच त्याचा हक्क. उजेडाचा जरासा धक्का लागला की तो उठून चालता होतो, आणि धक्का देणारा उजेड तिथेच खर्ची पडतो. सूर्याच्या आतून निघालेला उजेड सरळ आपल्यापर्यंत पोचत नाही, ह्याचं एक मोठं कारण हे पाहुणे. ते नेमका किती उजेड अडवतात, हा आमचा प्रश्न होता. त्यासाठी प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, नुसते कागद आणि पेन्सिल. हे काम आहे असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलंच नाही.

ह्या प्रश्नाचं उत्तर काढायला दोन सूत्रं होती. एका सूत्रात इलेक्ट्रॉन केंद्रापासून किती लांब आहे हे धरायचं, दुसऱ्यात त्याचा वेग धरायचा. आयनाचं वर्णन अचूक असेल तर दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं, ह्यात वादाला जागाच नाही. पण अचूक वर्णन कुणाकडेच नव्हतं. सगळे अंदाजाने एक वर्णन मांडायचे आणि ते सुधारत न्यायचे. आम्हीही मांडलं होतं. आणि आमची दोन उत्तरं जुळत नव्हती. थोडाथोडका फरक असता तर मी काही बोलले नसते. एक उत्तर दुसऱ्याच्या दीडपट होतं. एकाच सूर्याचे हे दोन उजेड घेऊन मी दिवाळीपासून बसले होते, आणि माझी झोप उडाली होती.

माझ्याबरोबर हेच गणित करणारे जाधव परळच्या चाळीत राहायचे. वडील गिरणीत, सूतखात्यात. त्यांच्या अख्ख्या चाळीत एम. एस्सी. पर्यंत पोचलेला हा पहिला मुलगा. सरांची एक पद्धत होती. प्रत्येक हिशेब दोघांनी करायचा, वेगवेगळा, एकमेकांचे कागद न बघता. शनिवारी टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने आपल्या कागदावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. जिथे आकडा वेगळा निघेल तिथे "थांबा". मग दोघांनी मिळून चूक शोधायची. जाधव मला "मिस फडके" म्हणायचे, मी त्यांना नुसतं "जाधव". वर्षभर शेजारी बसून आमच्यात सर्वांत जास्त उच्चारलेला शब्द "बरोबर" हाच असेल.

विभागात हाताने फिरवायचं एक गणकयंत्र होतं. ते मधूनच दात खायचं, म्हणजे एखादा आकडा पुढे सरकायचाच नाही. आमची सगळी आशा त्या यंत्राच्या दुर्गुणावर होती. त्यानेच कुठेतरी दगा दिला असणार, एवढी एक चूक सापडली की दोन्ही उत्तरं गुण्यागोविंदाने एका ठिकाणी येतील. म्हणून सगळं पुन्हा, यंत्राशिवाय, लॉगच्या पुस्तकावरून करायचं असं आम्ही ठरवलं. आणि नेमका कर्फ्यू लागला.

फणसवाडीतली आमची खोली रस्त्यापासून आत होती, तरी ठाकूरद्वारच्या नाक्यावरचं सगळं ऐकू यायचं. घोषणा, मग पळापळ, मग दुकानांच्या फळ्या पडल्याचे आवाज, आणि मग ती भयाण शांतता. अश्रुधूर बोळात शिरायचा. ओलं फडकं डोळ्यांवर धरून लॉगची सात आकडी कोष्टकं वाचता येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. गोळीबाराचा आवाज आला की पेन्सिल थांबायची आणि बेरीज हुकायची. पुन्हा वरपासून. मला कुणाचा राग येत होता हे माझं मलाच कळत नव्हतं. दिल्लीचा येत होता, पोलिसांचा येत होता, घोषणा देणाऱ्यांचाही येत होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका पेढीत कारकून. जन्मात कुणाशी आवाज चढवून बोलले नव्हते, पण त्या वर्षी पहाटे उठून प्रभातफेरीला जायचे आणि घसा बसवून परत यायचे. कर्फ्यूत घरी अडकल्यामुळे त्यांची नुसती घालमेल चालली होती. येरझारा घालता घालता ते माझ्या कागदांपाशी थांबले.

"अगं, इथे मुंबई चाललीय हातातून, आणि तू सूर्याचा उजेड मोजत बसलीयस?"

"मुंबई गेली तरी सूर्य राहणारच आहे, अण्णा."

हे मी बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत राहून न बोलणं किती अवघड असतं, ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल. ताट वाढलं की ते भिंतीकडे बघून "मीठ" म्हणायचे.

दिवसाचा कर्फ्यू उठला त्या सकाळी मी कागदांचं भेंडोळं पिशवीत घातलं. कॉलेज अजून बंद होतं, म्हणून परळला जाधवांच्या घरीच जाऊन मेळ घालायचा, असा माझा बेत. ट्राम नाही, बस नाही, पायी जायचं. दारातून निघाले तर अण्णा टोपी घालून मागोमाग. मग मला मागे टाकून, एक शब्द न बोलता ते भायखळ्यापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. रस्त्यात विटांचे तुकडे, फुटलेले दिवे, उलटून पडलेली एक हातगाडी. लालबागला गिरण्यांचे भोंगे गप्प होते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं हळू आवाजात बोलत उभी होती. कुणाच्या घरातला कोण गेला, कोण सापडत नाही, एवढंच बोलणं चाललं होतं.

जाधवांच्या खोलीत उजेड कमी, म्हणून आम्ही गॅलरीत चटई टाकून बसलो. त्यांच्या आईने चहा आणला. "मी घरून घेऊनच निघालोय," अण्णा म्हणाले. जाधव कागदाच्या कडा जुळवत राहिले. अण्णा घरून चहा घेऊन निघाले नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी माझा कप उचलला आणि अण्णांकडे बघितलंच नाही.

जाधव वाचायला लागले. मी बोट ठेवून म्हणत गेले, "बरोबर. बरोबर. बरोबर." पहिलं पान संपलं. दुसरं संपलं. माणूस आपली चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलाय, असं कधी कुणी पाहिलंय का? आम्ही तसे बसलो होतो. प्रत्येक आकड्याला वाटायचं, आता माझ्या तोंडून "थांबा" निघेल. पण निघत होतं "बरोबर".

तिसऱ्या पानावर होतो तेव्हा गॅलरीच्या टोकाहून एक बाई आल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, डोळे सुजलेले. त्या भागीबाई, जाधवांच्या शेजारीण. थोडा वेळ त्या आमच्यामागे उभ्या राहून आकडे ऐकत होत्या. मग वाकून मला म्हणाल्या, "इस्पितळातली यादी हाय काय गो बाय? ह्ये खाटांचे नंबर ना? आमचा बाळू हाय काय बघ त्यात."

त्या दिवसांत चळवळीतली मुलं जखमींच्या याद्या घेऊन चाळीचाळीतून फिरायची, नावं आणि नंबर वाचून दाखवायची. भागीबाईंना आम्हीही तसलेच वाटलो. त्यांचा मुलगा गोळीबार झाला त्या दिवसापासून घरी आला नव्हता.

"नाही हो मावशी," जाधव म्हणाले. "हे आमचं कॉलेजचं आहे."

"मंग जोरात कशाला वाचता?" एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या.

आमच्यापैकी कुणी हलायच्या आत अण्णा उठले. टोपी सारखी केली. "चला वहिनी, आपण स्वतःच बघून येऊ. तिथल्या लोकांशी मी बोलतो. तुम्ही नाव आणि वय सांगा फक्त." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तुमचं पुरं करा. अर्धवट सोडू नका."

ते गेल्यावर आम्ही पुन्हा सुरू केलं. आता जाधव हळू आवाजात वाचत होते. माझं लक्ष जिन्याकडे होतं आणि बोट कागदावर. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आमच्या चटईपर्यंत आलं. शेवटचं पान आलं, शेवटची ओळ आली. "बरोबर," मी म्हटलं. जाधवांनी कागद खाली ठेवला. कुठेही, एकाही ठिकाणी चूक नव्हती. यंत्राने दगा दिला नव्हता, आम्ही दिला नव्हता. गणित शंभर टक्के बरोबर होतं आणि तरी उत्तरं दोन होती. म्हणजे आम्ही ज्या वर्णनापासून सुरुवात केली तेच कच्चं होतं. केंद्राजवळ ठीक, पण लांबवर, जिथे तो पाहुणा खरा राहतो, तिथे चुकलेलं. ते नव्याने मांडायचं तर सगळे हिशेब पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष. आमच्याकडे आठवडाही नव्हता.

मला रडू फुटलं. परक्या घरात, परक्या गॅलरीत, सगळ्यांसमोर. जाधव नुसते पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक असताना.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "गावला! गावला गो!" भागीबाई धापा टाकत वर आल्या. बाळू इस्पितळात सापडला होता, पायातून गोळी आरपार गेलेली, पण शुद्धीवर. त्यांच्यामागून अण्णा आले, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. ते जाधवांच्या आईला म्हणाले, "वहिनी, तो मघाचा चहा आहे का हो?"

"मघाचा कशाला, ताजा टाकते की," त्या म्हणाल्या.

भागीबाईंनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं गो? तुमचं जुळलं न्हाय?"

"सगळं जुळलं, मावशी."

"जुळलं? मंग रडतेस कशाला?"

आजवर मला विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यांत अवघड. विद्यापीठातल्या परीक्षकांनी असा प्रश्न कधी विचारला नाही. मी पदराने डोळे पुसले आणि चहा प्यायले.

सर माटुंग्याला राहायचे. दोन दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या ट्रंका भरून दारात आल्या होत्या. सर वाईट नव्हते, हे मला आवर्जून सांगायला हवं. त्यांनी आमची पानं चाळली आणि शांतपणे म्हणाले, "असं करू या. दोन्हींची सरासरी घेऊ. बरेच जण घेतात."

"कशाच्या आधारावर, सर?"

"खरं उत्तर मधेच कुठेतरी असणार."

"मधे असणार हे कशावरून?"

"मिस फडके, तिथे कुणी विचारणार नाही."

"मी विचारतेय ना, सर."

जाधवांनी सुचवलं की दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी द्यावीत आणि जुळत नाहीत असं सरळ लिहावं. सर हसले. जमलं नाही हे सांगणारा निबंध कोण छापतो? रात्रभर विचार करा, म्हणाले.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांना आयन कळला नाही, सूत्रं कळली नाहीत. पण सरासरीचं ऐकल्यावर ते ताडकन उठून बसले. "म्हणजे दोघांत वाद आहे, म्हणून दोघांनाही न देता मधेच लटकवायचं? आमच्या मुंबईचं तेच केलंय की त्यांनी!" त्यांची तुलना साफ चुकीची होती. अणूत राजकारण नसतं, आणि खरं उत्तर मधे असूही शकतं. पण त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारं ते एकच माणूस होतं, म्हणून मी त्यांना सुधारलं नाही.

सकाळी जाधव भेटले. रात्रभर जागल्यासारखे दिसत होते. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त जाणार होतं, अख्खी चाळ त्यांच्याकडे डोळे लावून बसली होती. ते म्हणाले, "नको, मिस फडके. आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असं लिहायचं कसं?" सरांची बोट गेली, आमचा कागद गेला नाही.

पुढचं काही वेगळं नाही. शिष्यवृत्ती संपली. मी दादरच्या एका कॉलेजात भिंगं आणि आरसे शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. जाधवांनी सरकारी नोकरी धरली. ते वर्ष सरता सरता त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर लागली, तेव्हा अण्णा मुद्दाम परळला जाऊन आले. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, आणि अण्णांनी फणसवाडीत दारोदार पेढे वाटले. मीही ताट धरून त्यांच्यामागे फिरले. मनापासून आनंद झाला होता, पण मनाच्या एका कोपऱ्यात मत्सरही होता. अण्णांना हवं होतं ते नेमकं तसंच्या तसं मिळालं होतं.

बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात आमचा आयन मला पुन्हा भेटला. इलेक्ट्रॉनिक संगणकावर कुणीतरी ते गणित तडीला नेलं होतं, लांबवरच्या भागासकट. दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच आलं होतं. मी आमचे दोन्ही आकडे विसरले नव्हते, विसरणं शक्यच नव्हतं. त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने मी बेरीज केली, दोनाने भागलं. सरांची सरासरी खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ होती. इतकी जवळ, की छापली असती तर वर्षानुवर्षं लोकांनी आमचं नाव घेऊन ती वापरली असती.

त्या संध्याकाळी मी जाधवांना फोन केला. खरा आकडा आणि आमची सरासरी वाचून दाखवली. ते म्हणाले, "पुन्हा तीच वेळ आली तर पाठवाल?"

"नाही."

"मीपण नाही." आणि मग म्हणाले, "पण पाठवलं असतं तर फार बरं झालं असतं हो."